१४ प्रॉप, तरी बोलावणं नाही: वास्तववादी गेम प्रॉप्सचा पोर्टफोलिओ कुठे कमी पडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) आणि सब्स्टन्स पेंटर (मॉडेलवर रंग-पोत चढवायचं) शिकलात, आर्टस्टेशन या पोर्टफोलिओच्या साइटवर १४ वास्तववादी प्रॉप, म्हणजे गेममध्ये दिसणाऱ्या सुट्या वस्तू, टाकलेत, पुणे, बेंगळुरू आणि हैदराबादच्या स्टुडिओंकडे अर्ज केले, पण अजून एकाही ठिकाणाहून मुलाखतीला बोलावलेलं नाही. काम नेमकं कुठे कमी पडतंय आणि सुरुवात कुठून करायची?

तुमचे १४ही प्रॉप मी मोठ्या मॉनिटरवर एकेक चित्र उघडून पाहिले. पुण्यात १२ वर्षं मी हेच काम करते आहे आणि गेली काही वर्षं नवीन मुलांचे पोर्टफोलिओ पाहणं हाही माझ्या कामाचा भाग आहे. तेव्हा जे दिसलं ते स्पष्टच सांगते. सॉफ्टवेअर तुम्हाला येतं. बेक (बारीक मॉडेलचा तपशील साध्या मॉडेलवर उतरवणं) स्वच्छ आहेत, यूव्ही (मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडून केलेली मांडणी) नीट मांडलेले आहेत, कुठे शिवण फाटलेली दिसत नाही. एवढं जमायलाही अनेकांना तीन-चार वर्षं लागतात. कमी आहे ती वस्तूशी ओळख. एके-४७, कटाना, लाकडी खोका, तेलाचं पिंप, खजिन्याचा पेटारा, कंदील. यातली बहुतेक वस्तू तुम्ही कधी हातात धरलेली नाही, आणि ते चित्रात कळतं.

पिंपाचंच घ्या. २०० लिटरच्या लोखंडी पिंपाच्या झाकणावर दोन बुचं असतात, एक मोठं आणि एक लहान, दोन्ही काठाच्या जवळ. तुमच्या पिंपाला एकच बूच आहे, तेही बरोबर मध्यभागी. आता रंग कुठे उडालाय ते बघा. तुम्ही एज वेअरचा, म्हणजे कडांची झीज आपोआप काढणारा, जनरेटर लावलाय, त्यामुळे जिथे जिथे कड आहे तिथे सारख्याच जाडीची चंदेरी रेघ आली आहे. खरं पिंप आडवं करून लोळवतात तेव्हा त्याच्या पोटावरच्या दोन फुगीर कड्या जमिनीला घासतात, म्हणून रंग आधी तिथला जातो. उभं असताना ते किंचित कलवून बुडाच्या काठावर फिरवत नेतात, म्हणून खालचा काठ चेपलेला आणि पार घासलेला असतो. वरच्या काठाच्या आतल्या बाजूला पावसाचं पाणी साचतं, तिथे गंजाचं कडं धरतं. बाकीच्या कडांना फारसं काही होत नाही. जनरेटरला यातलं काही माहीत नसतं. तो फक्त कड शोधतो.

रायफलीतही तीच अडचण आहे. तुमच्या रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या मुख्य सांगाड्याच्या) बाजूला मिल्ड, म्हणजे अखंड धातूतून कोरलेल्या, नमुन्यावर असतो तसा लांबट खळगा आहे आणि त्याच रिसीव्हरवर १९५९ नंतरच्या एकेएम या सुधारित आवृत्तीच्या पत्र्याच्या रिसीव्हरवर असतात तसे रिव्हेटही आहेत. म्हणजे इंटरनेटवरून दोन वेगळ्या बंदुकांचे फोटो एकत्र झाले. शस्त्रांचं काम करणारा कुठलाही लीड (टीमचा प्रमुख कलाकार) हे दहा सेकंदांत पकडतो, आणि मग त्याला तुमच्या बाकीच्या १३ प्रॉपवरही विश्वास उरत नाही.

म्हणून पहिलं काम काढून टाकण्याचं. कंदील, पेटारा आणि पिंप एवढे ठेवा, पिंप दुरुस्त करून. बाकीचे ११ आजच लपवा. तुम्हाला हे जड जाईल, प्रत्येकामागे आठवडे गेलेत, ते मला कळतं. पण पाहणारा पोर्टफोलिओची सरासरी काढत नाही, त्यातल्या सगळ्यात कच्च्या कामावरून तो तुमची नजर जोखतो. एखादी गोष्ट कच्ची आहे हे तुम्हालाच दिसलं नाही, तर उद्या कामावर तुमचं प्रत्येक काम दुसऱ्या कुणाला तरी तपासत बसावं लागेल, असा हिशेब तो करतो.

आता नवीन प्रॉप. माझा आग्रह आहे की पुढची वस्तू अशी निवडा जी घरात उचलून आणता येईल, जिला टेप लावता येईल, जिचा वास येईल. अगदी साधं उदाहरण म्हणून घरगुती १४.२ किलोचा गॅस सिलिंडर घ्या. तो आपण रोज पाहतो, पण बघत नाही. दोन खोलगट अर्धे भाग एकमेकांना जोडून तो बनतो, म्हणून पोटावर मधोमध वेल्डिंगचा एक गोल वळ असतो. बुडाला एक कडी, वर व्हॉल्व्हभोवती दुसरी गोल कडी, आणि ती धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं आणि पुढच्या तपासणीची तारीखही. तारखेची पद्धत अशी: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. तुमचा गेम २०१५ मधल्या एका स्वयंपाकघरात घडत असेल तर पट्टीवर २०१५ किंवा त्यानंतरचंच साल हवं. एवढं छोटं अक्षर कुणी वाचणार नाही असं वाटेल. पोर्टफोलिओ पाहणारा मात्र जवळचं चित्र उघडतो तेव्हा हेच वाचतो, आणि तिथे काहीबाही अक्षरं दिसली की तो पुढच्या अर्जाकडे वळतो.

मग झीज. सिलिंडर देणारा माणूस टाकी तिरकी करून बुडाच्या कडीवर गरगरत नेतो, तेव्हा खालच्या कडीचा रंग पूर्ण गेलेला आणि तिथे चकचकीत लोखंड, त्याला लागून गंज. वरच्या कडीला हात लागतो, म्हणून तिथला रंग उडण्याआधी गुळगुळीत आणि तेलकट होतो. ट्रकमध्ये टाक्या एकमेकींवर आदळतात त्या पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर, म्हणून ओरखड्यांचा आडवा पट्टा नेमका वेल्डिंगच्या आसपास असतो. शिवाय टाकी पुन्हा पुन्हा रंगवलेली असते. जुन्या पोपड्यावरून नवा लाल रंग दिला की पोपड्याची कड बुजून मऊ होते, खाली उंचवटा राहतो आणि वर मात्र अखंड लाल. हा थर मला आजवर एकाही नवोदिताच्या कामात दिसलेला नाही. तो हाइट मॅपमध्ये (उंच-सखलपणा नोंदवणाऱ्या चित्रात) आणायला फार तर अर्धा दिवस लागतो.

संदर्भाचे फोटो स्वतः काढा. मोबाइल पुरतो. ढगाळ दिवशी बाहेर ठेवून एक फेरी, ती रंगासाठी. मग रात्री खोलीत अंधार करून एकाच टॉर्चचा प्रकाश आडवा मारत दुसरी फेरी, ती पोत आणि चेपलेल्या जागांसाठी. तिसरी फेरी खिडकीसमोर, वस्तू हळूहळू फिरवत, म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब कुठे धारदार दिसतं आणि कुठे पसरतं ते टिपता येतं. रफनेस मॅप, म्हणजे पृष्ठभाग कुठे गुळगुळीत आणि कुठे खरखरीत ते सांगणारं चित्र, रंगवताना हीच तिसरी फेरी समोर ठेवायची. प्रत्येक फेरीत एका फोटोत तरी पट्टी किंवा नाणं ठेवा, मापासाठी. ५०-६० फोटो सहज होतात. ते प्युअररेफ या संदर्भचित्रं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बोर्डवर मांडा, आणि इंटरनेटवरची चित्रं घेतलीत तर ती वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे कुठलं स्वतः पाहिलेलं आणि कुठलं उसनं हे सतत लक्षात राहील.

सिलिंडरनंतर मला तुमच्याकडून एक मोठं, मन लावून केलेलं काम हवंय, आणि त्यासाठी मी बंब सुचवेन. आजीच्या न्हाणीघरातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब. कुणाच्या माळ्यावर अजून पडलेला असतो, नाहीतर जुन्या भांड्यांच्या दुकानात मिळतो. पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन तांब्यावर ठोके कसे पडतात ते उभं राहून पाहा. बंबावरचे ते ठोके, ज्याला मठारकाम म्हणतात, ते दिसायला खडबडीत पृष्ठभागासारखे असले तरी तसे नसतात. प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा, जवळजवळ सपाट आरसा. ते गोलाकार ओळींनी पडतात, शेजारच्या ठोक्याची कड थोडी खातात, आणि भांडं वळवता वळवता पडल्यामुळे ओळ किंचित चढत किंवा उतरत जाते. नवीन मुलं तिथे नॉइज (आपोआप तयार होणारा विस्कळीत पोत) टाकून मोकळी होतात आणि बंब संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. हाय-पॉलीत (बारीक तपशिलाच्या मॉडेलमध्ये) चार-पाच वेगवेगळे ठोके बनवा, ओळीने फिरवा, मग हाताने काही हलवा. तीन दिवस जातील. जाऊ द्या.

बंबाची निवड मी मुद्दाम केली, कारण त्या एका वस्तूत पाच-सहा मटेरियल आहेत आणि ती एकमेकांवर चढलेली आहेत. बाहेर तांबं, तोटी पितळेची, आतली जाळी लोखंडी. मधल्या उभ्या नळीच्या तोंडाशी काजळीचा जाड थर, तळाशी राखेची पांढुरकी धूळ. तोटीखाली पाणी ठिबकून क्षाराचे पांढरे ओघळ आणि सांध्यात हिरवट कळंक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो कुणीतरी घासलेला असतो. चिंचेने किंवा पितांबरीने घासताना हात पोटावर फिरतो, म्हणून पोट लखलखतं. कड्यांच्या मागे, रिव्हेटच्या भोवती, तोटीच्या बुडाशी बोटं पोचत नाहीत, तिथे काळपट राहतं. म्हणजे घाण कुठे आहे हे ठरवण्याआधी हात कुठे पोचला हे ठरवावं लागतं. अँबियंट ऑक्ल्यूजनचा, म्हणजे प्रकाश कमी पोचणाऱ्या खाचा दाखवणारा, मास्क या कामात मदतीला येतो, पण त्याच्यावर सगळं सोडू नका. घासणारा हात उजवा असेल तर डावी-उजवी बाजू सारखी स्वच्छ होणार नाही.

इथे तांब्याच्या रंगाची एक चूक फार जण करतात. तुमच्या कंदिलाच्या पितळेतही ती आहे. घरातलं तांबं डोळ्यांना तपकिरी दिसतं, म्हणून बेस कलरमध्ये तपकिरी भरला जातो. पण ते तपकिरी दिसतं कारण त्यात अंधारी खोली उमटलेली असते. पीबीआरमध्ये (प्रकाशाच्या भौतिक नियमांवर आधारलेल्या पद्धतीत) धातूचा बेस कलर म्हणजे तो प्रकाश किती आणि कुठल्या रंगाचा परत फेकतो त्याचा आकडा, आणि शुद्ध तांब्यासाठी तो एसआरजीबीत (० ते २५५ मधल्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांत) साधारण २५०, २०९, १९४ इतका उजळ आहे. अंधार आसपासच्या लाइटिंगमधून आपोआप येतो. तुम्ही तो बेस कलरमध्येही ओतलात तर धातू मातीसारखा मरगळतो. उलट काजळी, राख, क्षार, कळंक आणि लोखंडाचा गंज हे धातू नाहीत. तिथे मेटॅलिक, म्हणजे धातू आहे की नाही हे सांगणारा आकडा, शून्य, आणि काजळी कितीही काळी असली तरी बेस कलर ३० च्या खाली नेऊ नका. मेटॅलिक मॅपमधले मधले करडे आकडे फक्त एका थराची कड दुसऱ्यात मिसळते तिथल्या पिक्सेलपुरते. तुमच्या पिंपाच्या गंजावर मेटॅलिक ०.५ आहे, म्हणून तो ओल्या चॉकलेटसारखा चमकतो. आणि पिंपाचा निळा रंग धातूवर दिलेला असला तरी रंग हा रंगच, तिथेही मेटॅलिक शून्यच.

रफनेसबद्दल एक सवय लावून घ्या. बाकी सगळे मॅप बंद करून नुसता रफनेस करड्या रंगात बघा. त्यावरून हे तांबं, ही काजळी, इथे हात लागतो, इथे पाणी वाळलंय, असं ओळखता आलं पाहिजे. तुमच्या १४ पैकी ११ प्रॉपमध्ये तो मॅप जवळजवळ सपाट करडा आहे आणि त्यावर एकसारखा ग्रंज (डागांचा तयार पोत) पसरलेला आहे. वास्तववादी प्रॉप खरा वाटतो तो याच मॅपमुळे. रंगाकडे सगळे लक्ष देतात, रफनेस मात्र शेवटच्या तासात उरकला जातो.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते. माझ्या पहिल्या पोर्टफोलिओत एक पितळी समई होती. महिनाभर राबले होते, नक्षी एकूण एक कोरलेली. एका स्टुडिओतल्या लीडने ती बघून एकच प्रश्न विचारला: या समईत शेवटचं तेल कधी घातलं होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वातीच्या चोचीपाशी काजळी नव्हती, तेलाचा ओघळ नव्हता, खालच्या ताटलीत चिकट धूळ नव्हती. घरी येऊन मी देवघरातली समई उचलली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. चोचीखाली तेलाची एक गडद, चिकट रेघ थेट दांड्यापर्यंत उतरलेली होती. ती रोज माझ्यासमोर होती. त्या दिवसापासून प्रत्येक वस्तूला मी तीन गोष्टी विचारते: तुला कुणी आणि कसं बनवलं, तुला कोण कुठे धरतं, आणि तुझी दुरुस्ती कधी झाली. तिसरा प्रश्न विसरू नका. बंबाच्या बुडाला लावलेलं वेगळ्या रंगाचं ठिगळ, कडीच्या जागी बांधलेली तार, यातून वस्तूला घर मिळतं.

तांत्रिक बाजूला तुम्ही बरे आहात, म्हणून तिथे फक्त दोन-तीन गोष्टी. पहिली बेव्हलची, म्हणजे कडेला दिलेल्या छोट्या गोलाईची. तुमच्या कडा खऱ्या मापाच्या आहेत आणि म्हणूनच त्या नाहीशा होतात. हिशेब करा: फर्स्ट पर्सन गेमसाठी टेक्सेल डेन्सिटी (पृष्ठभागावर टेक्श्चरचे पिक्सेल किती दाट आहेत) दर सेंटिमीटरला १०.२४ पिक्सेल धरली, तर एक मिलिमीटरच्या बेव्हलला जेमतेम एक पिक्सेल मिळतो. एका पिक्सेलमध्ये नॉर्मल मॅप (पृष्ठभाग कुठल्या दिशेला वळतो ते सांगणारं चित्र) वळण दाखवूच शकत नाही. हाय-पॉलीत तीच कड तीन-चार मिलिमीटर करा. खोटं वाटेल, पण गेममधल्या अंतरावरून तीच खरी वाटते, कारण कडेवर प्रकाशाची रेघ पकडायला जागा मिळते.

दुसरी, बाह्याकृती. तुमचा पेटारा ट्रायँगल (मॉडेल ज्या त्रिकोणांनी बनतं ते) वाचवायच्या नादात गोल झाकणाच्या जागी टोकदार झालाय, आणि सपाट फळ्यांच्या मधोमध मात्र काहीही उपयोग नसलेले लूप (मॉडेलवरच्या कडांच्या ओळी) पडून आहेत. सपाट जागेवरचे काढा, गोलाईला द्या. एकूण आकडा चित्रावर लिहा, लपवू नका. तिसरी, नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल: अनरिअल या गेम इंजिनला डायरेक्टएक्स पद्धतीचा लागतो, युनिटी या दुसऱ्या इंजिनला त्याच्या उलट, ओपनजीएल पद्धतीचा. तुमच्या कंदिलाचे रिव्हेट अनरिअलच्या चित्रात आत गेलेले दिसतात, ते यामुळे. एवढी एक चूक अख्ख्या कामाबद्दल शंका निर्माण करते. बाकी पिव्होट (वस्तू ज्या बिंदूभोवती फिरते तो) तळाशी, माप सेंटिमीटरमध्ये, नावं नीट, हे तुम्ही करताच असाल. नसाल तर करा, कारण बाहेरचं काम घेणाऱ्या स्टुडिओंच्या आर्ट टेस्टमध्ये सूचना तंतोतंत पाळल्यात का हे आधी तपासतात, सौंदर्य नंतर.

मांडणीकडे येऊ. तुमच्या प्रत्येक प्रॉपमागे धूर आहे, निळी-नारिंगी लाइट आहे आणि अर्धी वस्तू धूसर झालेली आहे. पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी झाकलंय. पहिलं चित्र साध्या करड्या पार्श्वभूमीवर, एक मोठा मऊ प्रकाश बाजूने, मागून कडेवर एक हलका, आणि भोवती ओळखीचं एचडीआरआय (खऱ्या जागेचा प्रकाश देणारं सभोवतालचं छायाचित्र). पॉली हेवन या साइटवर ती मोफत मिळतात. कॅमेरा जवळ आणून वाइड अँगल लावू नका, सिलिंडरसुद्धा इमारतीसारखा दिसायला लागतो. ७०-८० मिलिमीटरची लेन्स ठेवा आणि मागे सरका. मग दोन जवळची चित्रं, एक वायरफ्रेम (मॉडेलची नुसती जाळी), एक पानभर मॅप आणि यूव्ही, आणि शेवटी तीच वस्तू अनरिअलमध्ये तिच्या जागी: न्हाणीघराचा कोपरा, ओली फरशी, एक खिडकी. सहा-सात चित्रं पुष्कळ झाली. आणि छोटं थंबनेल मोबाइलवर बघून ठरवा, कारण भरती करणारी व्यक्ती आधी तेवढंच बघते.

एक गोष्ट प्रामाणिकपणाची. तुमचा कंदील एका लोकप्रिय ट्युटोरिअलवरून केलेला आहे, अगदी काचेच्या तड्यापर्यंत. तसाच कंदील माझ्यासमोर अनेक अर्जांत आलाय. शिकण्यासाठी ट्युटोरिअल करावंच, पण पोर्टफोलिओत ठेवायचं असेल तर तसं लिहा, किंवा तोच कंदील घरातला खराखुरा समोर ठेवून पुन्हा करा. मेगास्कॅन्स या तयार स्कॅनच्या संग्रहातलं मटेरियल, विकत घेतलेला ब्रश, एआयने काढलेलं टेक्श्चर, जे वापरलं असेल ते एका ओळीत सांगा. मुलाखतीत विचारल्यावर कळण्यापेक्षा आधी लिहिलेलं कधीही बरं. बंबाच्या तांब्यासाठी मात्र तयार स्मार्ट मटेरियल वापरू नका. तेवढं एक सुरुवातीपासून स्वतः चढवा, थरावर थर, ज्या क्रमाने खऱ्या वस्तूवर चढले त्याच क्रमाने: धातू, ठोके, तापून आलेले डाग, काजळी, क्षार, आणि शेवटी घासणं.

वेळेचं म्हणाल तर सिलिंडरला दोन आठवडे आणि बंबाला सहा. नोकरी सांभाळून करत असाल तर दुप्पट धरा. त्या काळात नवे अर्ज पाठवू नका. एकदा नाकारलेला पोर्टफोलिओ पुन्हा उघडायला लावायचा असेल तर त्यात पहिल्या चित्रातच फरक दिसायला हवा. आणि दर शनिवारी काम थांबवून रेंडर आणि फोटो एकाच आकारात शेजारी ठेवा, दोन्ही काळे-पांढरे करा, आणि ज्या ज्या जागी फरक दिसतो तिथे लाल खूण करा. पहिल्या शनिवारी पंधरा-वीस खुणा होतील, तसं झालं तर योग्य दिशेने चालला आहात.

या रविवारी घरातला सिलिंडर बाहेर काढा, आधी रेग्युलेटर काढून ठेवा, आणि फोटोंच्या तिन्ही फेऱ्या करा. ब्लेंडर उघडण्याआधी तो बोर्ड मला पाठवा. त्यावर रंग कुठे गेलाय, का गेलाय, हे प्रत्येक फोटोखाली एका ओळीत लिहिलेलं असू द्या. जिथे कारण सुचणार नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, त्यावर आपण बोलू.